म्लेच्छाची साक्ष : सयामबद्दल तीन परक्यांनी काय सांगितलं

आजचा विषय थायलंडचा आहे, पण सुरुवात आपण नगरपासून करू. आज त्याला अहिल्यानगर म्हणतात, आमच्या तोंडी अजून नगरच बसलेलं आहे. १८३१ च्या नोव्हेंबरात या गावातल्या लष्करी छावणीत एक मुलगी जन्मली. वडील थॉमस एडवर्ड्स, मुंबईच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट. मुलीच्या जन्माआधीच ते वारले. आईने दुसरं लग्न केलं, तेही एका सैनिकाशीच. मुलगी छावण्यांमधल्या बराकींत वाढली. १८४९ च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव थॉमस लिओन ओवेन्स, पेशाने कारकून. पुढे नाव आणि आडनाव जोडून तिने एक नवं आडनाव केलं, आणि जग तिला त्याच नावाने ओळखतं : ॲना लिओनोवेन्स.

‘द किंग अँड आय’ आमच्या पिढीने मॅटिनीला पाहिला. गोटा केलेला यूल ब्रायनर, घेरदार झग्यातली इंग्रज मास्तरीण, आणि तिच्याकडून शहाणपण शिकणारा पौर्वात्य राजा. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाला वाजवल्या, हा प्रश्न फार उशिरा पडला. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातली कॉलेजची मुलं आम्ही, आणि आशियातल्या एका राजाला गोरी बाई वळण लावते आहे म्हणून खूश होत होतो! आणि ती गोरी बाई मुळात आपल्या नगरची, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आपला जन्म वेल्समध्ये झाला, वडील कॅप्टन होते, असं तिने आयुष्यभर सांगितलं होतं.

मग आजचा प्रश्न असा. एखाद्या देशाचा कायदा, तिथलं राजकारण, तिथला रोजचा संसार यांबद्दल परका माणूस काही सांगतो. तो तिथे राहिलेला असतो, पण तिथला नसतो. त्याचं कितपत ऐकायचं?

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे सवयीने आधी न्यायदर्शनाकडे जातो. नैयायिकांनी ‘शब्द’ हे प्रमाण मानलं, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आप्ताचं लक्षण दिलं आहे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे, आणि जशी दिसली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि त्याला जोडून त्याने जे म्हटलंय ते आम्हाला फार मोठं वाटतं : हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे. म्हणजे परका आहे म्हणून त्याची साक्ष बाद होत नाही, आणि ऋषी आहे म्हणून आपोआप खरीही ठरत नाही. विचारायचं एवढंच : याला कळलं होतं का? आणि जसं कळलं तसं सांगायचं होतं का?

ही कसोटी घेऊन आपण एकोणिसाव्या शतकातल्या बँकॉकला जाऊ.

आधी तिथला कायदा काय होता ते बघू. थाई भाषेत जुन्या कायद्याच्या मूळ ग्रंथाला ‘थम्मसात’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? धर्मशास्त्र. मनूचं नाव या परंपरेत ब्रह्मदेशातून, मोन लोकांच्या पाली ग्रंथांमधून पोचलं, आणि जाताजाता बौद्ध झालं. कल्पना अशी की कायदा राजा करत नाही, तो आधीपासून आहेच, राजाने फक्त तो राखायचा. प्रत्यक्षात राजाज्ञा साठत जात आणि त्यांचाच कायदा होई.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही राजधानी जाळली, तेव्हा बहुतेक कायदेग्रंथही गेले. पुढे बँकॉकमध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा आला, पहिला राम. त्याच्या काळात, १८०४ मध्ये, एक खटला गाजला. पोम नावाच्या बाईने नवऱ्याकडे घटस्फोट मागितला. नवरा बुनसी, राजाच्या पदरचा लोहार. बाईचंच बाहेर प्रकरण होतं, नवऱ्याचा काही दोष नव्हता. तरी न्यायाधीशांनी घटस्फोट दिला, कारण त्यांच्या हातातल्या पोथीत तसंच लिहिलेलं होतं : बायकोने मागितला तर द्यावा. नवऱ्याने राजाकडे दाद मागितली. राजाने पोथीच्या तिन्ही प्रती तपासायला लावल्या. तिन्हींत तेच! तेव्हा राजा म्हणाला, पोथ्याच भ्रष्ट झाल्या आहेत. अकरा जणांची समिती बसवून सगळा कायदा शुद्ध करून घेतला. त्यावर सिंह, गजसिंह आणि कमळ अशा तीन मुद्रा उठवल्या. १८०५ चा हाच ‘तीन मुद्रांचा कायदा’. आपण लक्षात ठेवू : एका बाईला मिळालेली मोकळीक राजाला खटकली, तिथून हा ग्रंथ सुरू होतो.

या कायद्यात माणसाला आकडा असे. त्याला ‘सक्दिना’ म्हणत. ‘ना’ म्हणजे शेत. दासाला ५, साध्या रयतेला २५ पर्यंत, मोठ्या मंत्र्याला १०,०००. दंड, भरपाई, शिक्षा सगळं या आकड्यावरून ठरे. माणसाचं मोल शेताच्या मापात! आपल्याला हसू येईल, पण हसण्याआधी जरा थांबू. आपल्याकडेही प्रायश्चित्त आणि दंड वर्ण पाहूनच ठरत होते. फक्त आपण आकडे छापले नव्हते.

आणि दास. थाई शब्द ‘थात’, म्हणजे आपलाच ‘दास’. यांतले पुष्कळ लोक कर्जापायी दास झालेले असत. माणूस स्वतःला गहाण टाकी, बायकोला विके, पोरांना विके. रक्कम फेडली की सुटका. पण फेडणार कशातून? शिवाय जो दास नाही तोही मोकळा नव्हताच. रयतेला वर्षातले काही महिने राजाची किंवा मालकाची वेठ करावी लागे.

आता साक्षीदार. पहिले बिशप पाल्ग्वा, फ्रेंच कॅथलिक. १८३० च्या सुमारास सयाममध्ये आले आणि १८६२ मध्ये तिथेच वारले. बँकॉकच्या सामसेन भागात त्यांचं चर्च होतं, आणि शेजारच्याच विहारात एक राजपुत्र भिक्षू होऊन राहत होता. हा मोंकुट. १८२४ मध्ये त्याने चीवर घेतलं आणि लगेच राजा वारला. गादी सावत्रभावाकडे गेली. मोंकुट सत्तावीस वर्षं भिक्षूच राहिला. या दोघांची मैत्री जमली. बिशपने राजपुत्राला लॅटिन शिकवलं, राजपुत्राने बिशपला पाली. डोळ्यांसमोर आणा जरा हे चित्र : एकमेकाच्या धर्मात यायची सुतराम शक्यता नसलेली दोन माणसं, समोरासमोर बसून एकमेकाचं व्याकरण घोकताहेत!

पाल्ग्वांचं सयामवरचं दोन खंडांचं पुस्तक १८५४ मध्ये पॅरिसला छापलं गेलं. त्यात भात कसं लावतात, मुलांची शेंडी कशी उतरवतात, कर कोणते, कोर्ट कसं चालतं, सगळं आहे. दासांबद्दल ते दोन गोष्टी सांगतात. एक, लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा दास आहे. दोन, त्यांना वाईट वागवत नाहीत, फ्रान्समधल्या नोकरांइतपतच वागवतात. पहिली गोष्ट आपल्याला हादरवते, दुसरी शांत करते. पण दुसरीकडे नीट बघा. फ्रान्समधला नोकर नोकरी सोडू शकत होता. आणि नोकराच्या पोराला कुणी कर्जापोटी नेत नव्हतं. पाल्ग्वा खोटं बोलत नाहीत, जसं दिसलं तसंच सांगताहेत. पण त्यांना वागणूक दिसते, बंधन दिसत नाही. प्रामाणिक साक्षीदाराचाही असा आंधळा कोपरा असतो.

१८५१ मध्ये मोंकुट राजा झाला. १८५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचा हाँगकाँगचा गव्हर्नर जॉन बाउरिंग आला आणि तह झाला. आयातीवर तीन टक्क्यांहून जास्त जकात घ्यायची नाही, आणि इंग्रज प्रजाजनाने गुन्हा केला तर खटला इंग्रज वकिलातीत चालायचा, सयामच्या कोर्टात नाही. मग इतर राष्ट्रांनीही तेच मागून घेतलं. कारण काय सांगितलं जाई? इथला कायदा रानटी आहे, त्याच्या तावडीत आमची माणसं देता येणार नाहीत.

इथे जरा थांबायला हवं. म्हणजे परक्यांचं मत आता नुसतं मत राहिलं नाही. ‘सयामचा कायदा वाईट आहे’ हे वाक्य प्रवासवर्णनात आलं तर गंमत, पण तेच वाक्य तहात आलं तर देशाचं अर्ध सार्वभौमत्व गेलं. १९०८ मध्ये सयामने नवा दंडसंग्रह केला, मग दिवाणी संग्रह केला, आणि तरी ही सवलत पुरती संपायला १९३० चं दशक उजाडलं. म्हणून वात्स्यायनाच्या दोन प्रश्नांना आम्ही तिसरा जोडतो : या साक्षीवर कुणाचा काय फायदा अवलंबून आहे?

दुसरे साक्षीदार डॅन बीच ब्रॅडली. अमेरिकन डॉक्टर आणि मिशनरी. १८३५ मध्ये आले, १८७३ मध्ये बँकॉकातच वारले. अडतीस वर्षांत त्यांनी बाटवले फार थोडे. पण देवी टोचल्या, शस्त्रक्रिया केल्या, छापखाना चालवला, आणि सयाममधलं पहिलं वर्तमानपत्र काढलं, ‘बँकॉक रेकॉर्डर’.

छापखान्याची गोष्ट महत्त्वाची आहे. १८४९ च्या सुमारास मोट नावाच्या एका थाई गृहस्थाने तीन मुद्रांचा कायदा ब्रॅडलींकडे छापायला दिला. तेव्हाचा राजा, तिसरा राम, संतापला. पुस्तकं जप्त झाली. कायदा ही राजवाड्यातली वस्तू, ती बाजारात कशी येते? पण मोंकुट गादीवर आल्यावर ब्रॅडलींनी तोच कायदा पुन्हा छापला, आणि या खेपेस कुणी अडवलं नाही. पुढे कित्येक वर्षं थाई लोक त्याला ‘डॉक्टर ब्रॅडलीचा कायदा’ म्हणत. कायदा बरा की वाईट हे पुढचं. आधी तो वाचायला तर मिळाला पाहिजे! परक्याने केलेलं हे काम कुठल्याही मतप्रदर्शनापेक्षा मोठं, असं आम्हाला वाटतं.

पण ब्रॅडलींच्या गोष्टीला एक कडवट शेवट आहे. ओबारे नावाच्या फ्रेंच वकिलाने सयामच्या पंतप्रधानाला काढून टाकण्याची मागणी राजाकडे केली, अशी बातमी ‘रेकॉर्डर’ने छापली. ओबारेने अब्रुनुकसानीचा खटला भरला. ब्रॅडली हरले, १८६७ मध्ये वर्तमानपत्र बंद पडलं. आता गंमत बघा. घटना सयामची, राजा सयामचा, वर्तमानपत्र बँकॉकचं, आणि खटला चालला अमेरिकन वकिलातीच्या कोर्टात. ज्या सवलतीमुळे परका माणूस थाई कायद्यापासून सुरक्षित राहिला, तिनेच त्याची लेखणी मोडली. आणि तोही थाई राजाची बाजू घेतली म्हणून.

आता ॲनाकडे येऊ. १८५९ मध्ये पेनांगला तिचा नवरा वारला. दोन मुलं पदरात. सिंगापूरमध्ये तिने छोटी शाळा काढली, ती नीट चालेना. १८६२ मध्ये मोंकुटचं बोलावणं आलं : राणीवशाला आणि मुलांना इंग्रजी शिकवा, पण ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही. पाच वर्षांहून जास्त काळ ती बँकॉकात होती. मग अमेरिकेत जाऊन १८७० मध्ये सयामच्या दरबारातल्या मास्तरकीवर आणि १८७३ मध्ये जनानखान्यावर, अशी दोन पुस्तकं तिने लिहिली.

पहिला प्रश्न : तिला कळलं होतं का? एका बाबतीत तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणं शक्यच नव्हतं. बँकॉकच्या राजवाड्याचा आतला भाग म्हणजे हजारो बायकांचं गाव. तिथे पहारेकरी बाया, कारभारी बाया, बाजार मांडणाऱ्या बाया. राजा आणि लहान मुलगे सोडले तर पुरुषाला मज्जाव. पाल्ग्वा किंवा ब्रॅडली यांना त्या दारातून रोजची ये-जा करता आली नसती. ॲना रोज जात होती. आतल्या बायकांचं कंटाळलेपण, भीती, एकमेकींना दिलेला आधार ती सांगते, तेव्हा ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न : जसं कळलं तसं सांगायचं होतं का? इथे ती घसरते. तुप्तिम नावाच्या राणीला आणि एका भिक्षूला भर चौकात जिवंत जाळलं, असं ती लिहिते. ब्रॅडलींसकट कितीतरी परके तेव्हा शहरात होते, पण असं जाळणं दुसऱ्या कुणी नोंदवलेलं सापडत नाही. जमिनीखालच्या अंधारकोठड्यांचं वर्णन ती करते. बँकॉकची जमीन अशी की हातभर खणलं की पाणी लागतं, तिथे तळघरं कुठली? शिवाय पुस्तकं कधी आली ते बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. गुलामगिरीविरुद्धची गोष्ट ऐकायला वाचक आसुसलेला. ॲनाने सयामचा ‘थात’ त्या वाचकाच्या ओळखीच्या साच्यात ओतला. पाल्ग्वांना फ्रान्समधला नोकर दिसला, ॲनाला अमेरिकेतला गुलाम. थाई दास दोघांच्याही हातून निसटला.

आणि तिचं स्वतःचं लपवणं? ते १९७० च्या दशकात उघड झालं. ब्रिस्टो नावाच्या कोळ्यांच्या अभ्यासकाने, म्हणजे आठ पायांच्या कोळ्यांच्या, तिच्या मुलाचा शोध घेताना जुनी दप्तरं चाळली आणि वेल्सची कॅप्टनकन्या नगरच्या छावणीत सापडली. तिची आजी बहुधा हिंदुस्थानी होती, असं आता अभ्यासक मानतात. हे कळल्यावर पुष्कळांनी म्हटलं, बघा, बाई मुळातच खोटारडी! आम्हाला हा न्याय पसंत नाही. त्या काळात मिश्र रक्ताच्या विधवेला ‘मी नगरची’ असं सांगून मास्तरकी मिळाली असती का? तिचं ते खोटं पोटासाठी होतं. तुप्तिमला जाळल्याचं खोटं वेगळं, त्याची किंमत दुसऱ्याच देशाने मोजली. बोलणारा कोण, यावरून बोलणं खोटं ठरवणं हा तर्कदोष आहे, मग बोलणारी आपल्या गावची असो की परगावची.

पण या सगळ्यात एक साक्षीदार राहूनच गेली. ती परकी नव्हती. १८६५ मध्ये नोंथाबुरीच्या म्वान नावाच्या तरुणीने राजाकडे अर्ज केला. आईबापांनी फू नावाच्या माणसाशी तिचं जबरदस्तीने लग्न लावलं होतं, तिचं मन रिड नावाच्या माणसावर होतं. ती पळाली, मारहाण झाली, कोठडीत पडली, तिथूनही निसटली आणि राजापर्यंत पोचली. मोंकुटने निकाल दिला : बाई वीस वर्षांवरची आहे, तिला नवरा निवडायचा हक्क आहे. आईबाप मुलीचे गाईम्हशींसारखे मालक नाहीत. उच्च कुळांना या नियमातून सूट होती, हेही सांगितलं पाहिजे. पण थाई म्हणच आहे की बाई म्हणजे म्हैस आणि पुरुष म्हणजे माणूस. राजाने त्या म्हणीलाच हात घातला. पुढे नवऱ्याने बायकोला तिच्या संमतीवाचून विकू नये, असाही निकाल त्याने एका बाईच्या अर्जावरून दिला.

पोमच्या घटस्फोटाने जो कायदा आवळला गेला, तो साठ वर्षांनी म्वानच्या अर्जाने सैल झाला. आणि ॲना तेव्हा त्याच शहरात होती! मोंकुटनंतर १८६८ मध्ये त्याचा मुलगा चुलालोंगकोर्न गादीवर आला. त्याने १८७४ मध्ये दासांच्या मुलांच्या सुटकेचा कायदा केला आणि १९०५ मध्ये दास्य संपवलं. तो लहानपणी ॲनाचा विद्यार्थी होता, म्हणून याचं श्रेय तिच्या नावावर मांडलं जातं. थोडं असेलही. पण त्याच्या वडिलांच्या दारात अर्ज घेऊन आलेल्या बायकांच्या नावावर ते कुणी मांडत नाही. हॉलिवूडचा चित्रपट म्वानवर निघाला नाही.

आता आजचं थोडं. ‘द किंग अँड आय’वर थायलंडमध्ये बंदी आली. १९९९ मध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट झाला, त्याला तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, तो मलेशियात केला, आणि त्यावरही बंदी आली. थाई दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली राजा, राणी, युवराज यांच्या अपमानाला तीन ते पंधरा वर्षं कैद आहे. तिथे राहणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन लेखकाला कादंबरीतल्या एका परिच्छेदासाठी २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, पुढे माफी मिळाली. खुद्द थाई नागरिकांना याहून कितीतरी मोठ्या शिक्षा झाल्या आहेत.

थाई माणसाला ॲनाच्या गोष्टीचा राग का येतो, हे आम्हाला समजतं. ज्या राजाने भिक्षूपणात सत्तावीस वर्षं अभ्यास केला, १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण स्वतः गणित करून आधी सांगितलं, ते बघायला रानात गेला आणि तिथल्या तापाने दगावला, त्याचा असा विदूषक केला तर राग येणारच. पण बंदी म्हणजे खंडन नव्हे. खंडन केलं ते सेनी आणि कुक्रित प्रमोज या भावांनी. पुढेमागे दोघेही पंतप्रधान झाले. १९४८ मध्ये त्यांनी मोंकुटची पत्रं आणि हुकूमनामे इंग्रजीत आणून मोफॅट नावाच्या अमेरिकन मुत्सद्द्याच्या हाती दिले, आणि त्यांवरून त्याने १९६१ मध्ये मोंकुटचं चरित्र लिहिलं. राजा स्वतः काय बोलत होता ते जगापुढे आलं. एका साक्षीला उत्तर दुसऱ्या साक्षीनेच द्यायचं असतं. साक्षीदाराचं तोंड बंद केलं तर पहिलीच साक्ष खरी होती, असा लोकांचा समज होतो.

हे आपल्यालाही लागू आहे, हे वेगळं सांगायला नको. आपल्याबद्दल परक्याने काही लिहिलं की आपण दोनच गोष्टी करतो. स्तुती असेल तर फ्रेम करून लावतो, टीका असेल तर ‘त्याला काय कळतंय’ म्हणतो. वात्स्यायन दोन्ही करू देत नाही. तो म्हणतो, तपासा. पाल्ग्वांचं पुष्कळ घ्यावं आणि त्यांची तुलना सोडावी. ब्रॅडलींचा छापखाना घ्यावा. ॲनाचं आतल्या दालनापुरतं ऐकावं, चौकातलं सोडून द्यावं. आणि तिघांचं ऐकून झाल्यावर एकदा विचारावं की म्वान काय म्हणत होती.

इथे थांबतो.